गोलाई आधी, पट्टी नंतर: लवचीक लाकडी पट्ट्यांच्या पॅनेलचं गणित आणि काम

लाकडाच्या अरुंद पट्ट्या एकमेकींना खेटून मांडायच्या आणि पाठीमागून सगळ्यांना मिळून एकच कापड चिकटवायचं, की झालं लवचीक पॅनेल. पट्टीच्या लांबीच्या दिशेने ते फळीसारखं ताठ राहतं आणि आडव्या दिशेने चटईसारखं गुंडाळता येतं. फर्निचरच्या धंद्यात याला टॅम्बूर म्हणतात. गोल खांब, वळणदार काउंटर, पलंगाचं डोक्याकडचं पॅनेल, सरकून कपाटाच्या आत नाहीसं होणारं दार अशा सगळ्या ठिकाणी हीच वस्तू वापरलेली असते.

रचना जुनी आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस बॉस्टनमध्ये जॉन आणि थॉमस सेमूर या पिता-पुत्रांनी केलेली टॅम्बूरच्या दारांची लिहिण्याची मेजं आज संग्रहालयांत आहेत. पुढे रोल-टॉप डेस्कमुळे, म्हणजे गुंडाळत सरकणाऱ्या झाकणाच्या मेजामुळे, ही रचना कचेऱ्यांमध्ये सर्रास दिसू लागली. १९३६ मध्ये फिनलंडचे वास्तुकार अल्वार आल्तो यांनी पाइनच्या पट्ट्यांचा एक उभा लवचीक आडपडदा केला. तो ‘स्क्रीन १००’ या नावाने ओळखला जातो. सध्या भिंतीला लावायची तयार पॅनेल आल्यामुळे हा प्रकार पुन्हा सगळीकडे दिसतो आहे, आणि चुकीच्या जागी लावलेलाही दिसतो.

बहुतेक चुका एकाच ठिकाणी सुरू होतात. लोक आधी पट्टीचा आकार आणि रंग पसंत करतात, मग ती आपल्या गोलाईवर बसेल का ते बघतात. क्रम उलटा हवा. वळण किती आणि कुठल्या बाजूला, हे ठरलं की पट्टीची रुंदी आणि जाडी जवळपास आपोआप ठरते.

आधी पाठ बघा

दुकानात ‘फ्लुटेड’ (उभ्या खाचांचं) म्हणून मिळणारं प्रत्येक पॅनेल वाकत नाही. पुढून सगळी सारखीच दिसतात, म्हणून पॅनेल उलटं करून पाठ बघायची. पाठीला अखंड एमडीएफ (लाकडाचा भुगा दाबून केलेला बोर्ड) किंवा प्लास्टिक असेल तर ते सपाट भिंतीसाठी आहे. वाकवलं तर तुटेल. पाठीला कापड किंवा जाड कागद असेल आणि पट्टी पट्टीपासून पूर्ण सुटी असेल, तरच ते लवचीक. कागदी पाठीचं पॅनेल स्वस्त पडतं, पण उचलताना एकदा जरी मोडलं तरी त्या रेषेत कागद फाटतो. कोरी पट्टी आणि कापडी पाठ असलेलं पॅनेल जास्त टिकाऊ, कारण त्यावर पॉलिश, रंग, डाग घालवणं हे सगळं पुन्हा करता येतं.

तिसरा प्रकार म्हणजे जाड नमद्यावर (फेल्टवर) थोड्या थोड्या अंतराने पट्ट्या लावलेली ध्वनीशोषक पॅनेल. ती साधारण २४०० बाय ६०० मिलिमीटरची असतात आणि नमदा बहुतेकदा ९ मिलिमीटरचा. मोठ्या गोलाईवर ती चालतात. अरुंद खांबावर मात्र नमद्याला सुरकुत्या पडतात.

वळणाचं गणित

पॅनेल वाकतं ते कापडाच्या पातळीवर. कापडाची लांबी बदलत नाही. पट्ट्यांच्या पुढच्या कडा एकमेकींपासून दूर जातात किंवा एकमेकींवर येतात. त्यामुळे दोन बाजूंची वळणं दोन वेगळी प्रकरणं आहेत.

खांबाभोवती गुंडाळताना कापड आत आणि पट्टीचा चेहरा बाहेर असतो. इथे पट्ट्या पुढून उघडतात, अडत कुठेच नाहीत. किती उघडतील ते काढायला सोपं सूत्र आहे: पट्टीची जाडी गुणिले पट्टीची रुंदी, भागिले गोलाईची त्रिज्या. ६ मिलिमीटर जाड, २० मिलिमीटर रुंद पट्टी ३०० मिलिमीटर व्यासाच्या खांबावर लावली, तर त्रिज्या १५० आणि प्रत्येक दोन पट्ट्यांमधली फट पुढून ०.८ मिलिमीटरने वाढते. ही फट छानच दिसते. फक्त तिच्यातून मागचं कापड दिसणार, म्हणून कापडाचा रंग लाकडाशी जुळणारा किंवा गडद असावा.

वळण आतल्या बाजूला असेल, म्हणजे पॅनेलचा चेहरा खोबणीच्या आत असेल, तर तेवढंच अंतर उलट दिशेने लागतं. पट्ट्या एकमेकींना खेटलेल्या आणि कडा काटकोनात असतील तर पॅनेल आतल्या बाजूला वाकणारच नाही. जोर लावला तर कडा चेपतील नाहीतर कापड सुटेल. १५ मिलिमीटर रुंद, ८ मिलिमीटर जाड पट्टी कापडाजवळ १०० मिलिमीटर त्रिज्येवर आत वाकवायची, तर प्रत्येक सांध्याला १.२ मिलिमीटर जागा लागते. म्हणजे प्रत्येक पट्टीची प्रत्येक कड पुढून ०.६ मिलिमीटर तासलेली हवी. हा उतार जेमतेम ४.३ अंशांचा येतो. थोडा वाढवून ५ अंश धरला की काम निर्धास्त होतं. अर्धगोल पट्टीला ही जागा तिच्या आकारातच मिळते, म्हणून दोन्ही बाजूंना वळणाऱ्या नागमोडी कामासाठी तीच निवडावी.

तयार पॅनेलवर उत्पादकाने किमान त्रिज्या दिलेली असते. ती बाहेरच्या वळणाची आहे की आतल्या, हे विचारून घ्या. बऱ्याचदा एकच आकडा छापलेला असतो आणि तो सोप्या बाजूचा असतो.

आणखी एक बारकावा. पट्टीची पाठ सपाट असते आणि खांब गोल, त्यामुळे पट्टी मध्यावर टेकते आणि दोन्ही कडांखाली पोकळी राहते. २० मिलिमीटर पट्टी आणि १५० त्रिज्या असेल तर ही पोकळी सुमारे ०.३३ मिलिमीटर येते. चिकटद्रव्य ती सहज भरतं. त्रिज्या ५० वर आणली की पोकळी पूर्ण १ मिलिमीटर होते. मग पट्टीच्या कडा हलतात आणि बोटाने दाबल्यावर टकटक आवाज येतो. इथे १० ते १२ मिलिमीटरची पट्टीच घ्यावी.

खांब गुंडाळताना

३०० व्यासाच्या खांबाचा परीघ ९४२.५ मिलिमीटर. २० च्या ४७ पट्ट्या लावल्या तर ९४० होतात, आणि शेवटच्या सांध्यावर कापडाची जाडी धरून तीनेक-पाचेक मिलिमीटरची फट उरते. ती नेमकी डोळ्यात भरते. पट्टी फाडून अरुंद करण्यापेक्षा खांबच जुळवून घेणं सोपं. ३ मिलिमीटरचं वाकणारं प्लायवूड आधी एक थर गुंडाळलं की व्यास ३०६ होतो, परीघ ९६१.३, आणि ४८ पट्ट्या जवळजवळ तंतोतंत बसतात. शिवाय प्लास्टर कधीच खऱ्या गोल आकारात नसतं. ते खालीवर असलेलं हा थर झाकतो.

पहिली पट्टी ओळंब्याने उभी करा. उरलेलं सगळं काम तिच्यावर अवलंबून आहे. ती खालच्या टोकाला ३ मिलिमीटर कलली तर पॅनेल खांबाभोवती स्क्रूसारखं चढत जातं आणि शेवटी दोन टोकं वरखाली येतात. सांधा खांबाच्या कमी दिसणाऱ्या बाजूला घ्या.

चिकटवायला दोन रस्ते आहेत. रबरी काँटॅक्ट ॲडेसिव्ह दोन्ही पृष्ठभागांना लावून दहा-पंधरा मिनिटं सुकू द्यायचं. बोटाला चिकटेनासं झालं की टेकवायचं. हे टेकलं की टेकलं, सरकवायला वाव नाही. म्हणून मध्ये मेणकागदाच्या पट्ट्या ठेवून पॅनेल जागेवर आणावं आणि कागदाची एकेक पट्टी ओढून काढत पॅनेल दाबत जावं. दुसरा रस्ता पॉलियुरेथेनच्या बांधकामाच्या चिकटद्रव्याचा. त्यात जुळवायला वेळ मिळतो, पण सुकेपर्यंत आवळायच्या पट्ट्यांनी किंवा टेपने बांधून ठेवावं लागतं. आतल्या वळणावर दुसराच रस्ता बरा. तिथे पॅनेल सरळ व्हायला बघतं, म्हणून त्याच गोलाईचा साचा किंवा वाळूची पिशवी लावून रात्रभर दाबून ठेवा.

दोन पॅनेलच्या सांध्यावर एक युक्ती आहे. कडेच्या पट्टीमागचं कापड पट्टीच्या कडेपासून अर्धा-एक मिलिमीटर आत कापा, म्हणजे कापडाला कापड न अडता पट्टीला पट्टी भिडते. आणि चिकटवण्याआधी मागच्या प्लायवूडवर त्या ठिकाणी दोन-चार बोटं रुंदीचा कापडाच्या रंगाचा पट्टा मारा. काळ्या कापडाच्या पॅनेलमागे पांढरं प्लायवूड असेल तर सांध्यातून ते केसाएवढ्या रेषेसारखं चमकतं आणि कितीही बारीक असलं तरी नजर तिथेच जाते.

वळणदार काउंटर

लवचीक पॅनेल आकार धरून ठेवत नाही. आकार मागच्या सांगाड्याचा असतो. मध्ये पोकळ जागा सोडली तर काही महिन्यांत तिथे गोलाईऐवजी कोपरे दिसू लागतात.

३०० मिलिमीटर त्रिज्येच्या अर्धगोल टोकाचं, ९०० उंचीचं काउंटर घेऊ. १८ मिलिमीटर प्लायवूडच्या चार अर्धगोल फासळ्या ३०० च्या अंतराने लावा, पण त्यांची त्रिज्या २९४ ठेवा. त्यावर ३ मिलिमीटर वाकणाऱ्या प्लायवूडचे दोन थर, दुसऱ्याचे सांधे पहिल्याच्या सांध्यांवर येणार नाहीत असे. २९४ आणि ६ मिळून ३०० झाले. त्यावर पॅनेल लागेल ९४२ लांबीचं. पण सरळ भागातही पॅनेल न्यायचं असेल तर सांधा गोलाई संपते तिथे घेऊ नका, सरळ भागात निदान १०० मिलिमीटर पुढे न्या. वळणाच्या टोकाशी ताण जास्त असतो आणि सांधा तिथेच उघडतो.

तळाला ७५ ते १०० मिलिमीटरची स्कर्टिंग सोडा. पट्ट्यांची खालची टोकं म्हणजे लाकडाचे उघडे रेषे. लादी पुसताना रोज पाणी लागलं की तीच आधी काळी पडतात. एमडीएफची पट्टी तर फुगते आणि फुगलेली परत बसत नाही. म्हणून सिंकच्या बाजूला आणि न्हाणीघरात एमडीएफचं पॅनेल लावूच नये. शेगडीमागेही नको: तिथे उष्णता आहेच, शिवाय खाचांत बसलेला तेलकट थर निघत नाही.

सरकतं दार

या कामात सगळ्यात कसब लागतं, आणि तयार भिंतीची पॅनेल इथे क्वचितच चालतात. दार दोन खाचांमधून धावतं. पट्टीच्या दोन्ही टोकांना पातळ जीभ काढलेली असते आणि ती खाचेत चालते.

समजा जीभ ६ मिलिमीटर जाड आहे, पट्टी १५ रुंद आणि खाचेच्या वळणाची आतली त्रिज्या ५०. सपाट जीभ गोल खाचेतून जाताना मधोमध आतल्या भिंतीला टेकते आणि तिचे कोपरे बाहेरच्या भिंतीला. नुसती निघून जायलाच ६.५ मिलिमीटर रुंद खाच लागते. सरळ भागात ६.५ छान चालते, म्हणून तीच वळणावरही ठेवली जाते आणि दार नेमकं कोपऱ्यावर अडतं. वळणावर खाच ७ मिलिमीटर करा. २० रुंदीची पट्टी घेतली तर ६.९ लागतील, म्हणजे खाच ७.५ च्या आसपास जाईल आणि तीच सरळ भागातही ठेवली तर दार तिथे खडखडेल. या कामात अरुंद पट्टी का बरी, ते इथे कळतं.

लांबीचा हिशेब: दारासाठी मोकळी जागा ६०० आणि दोन्ही खाचा ८ खोल असतील तर पट्टी टोकापासून टोकापर्यंत ६१४ ठेवा, आणि जिभा सोडून मधला पूर्ण जाडीचा भाग ५९८. दोन्हीकडे एकेक मिलिमीटरची मोकळीक पुरते. दोन मिलिमीटर दिली तर दार तिरकं होऊन अडकतं.

पट्ट्यांची संख्या काढताना दार बंद असतानाही काही पट्ट्या खाचेत लपलेल्या राहायला हव्यात. ८०० रुंद उघडणी, पुढची मुठीची पट्टी ४०, आत लपणारा भाग ३०, म्हणजे ७९० भागिले १५, सुमारे ५३ पट्ट्या. बनवताना ६० करा. लाकूड कापल्यावर आतला ताण सुटतो आणि काही पट्ट्या धनुष्यासारख्या वाकतात. त्या बाजूला काढाव्या लागतात. म्हणून आधी थोड्या जाड कापून काही दिवस पडू द्या, मग रंधून मापावर आणा. सरळ रेषांचं लाकूड घ्या, आणि एकाच फळीतून कापलेल्या पट्ट्यांना क्रमांक घालून त्याच क्रमाने लावा, म्हणजे दारावर लाकडाची नक्षी तुटत नाही.

कापड चिकटवण्यासाठी पट्ट्या चेहरा खाली करून, गुण्याने काटकोन तपासलेल्या चौकटीत घट्ट आवळा. प्रत्येक पट्टीत ०.२ मिलिमीटरचा फरक असेल तर ५० पट्ट्यांत तो १० मिलिमीटर होतो आणि दार पंख्यासारखं उघडतं. सुती कॅनव्हास आधी ओढून घ्या. दोन्ही बाजूंना ते जिभांपासून पंधरा-वीस मिलिमीटर आत संपलं पाहिजे, नाहीतर धागे खाचेत जाऊन अडकतात. पांढरा पीव्हीए डिंक रोलरने कापडाला लावा, ओतू नका. डिंक पट्ट्यांच्या मध्ये उतरला की दोन पट्ट्या एकमेकींना कायमच्या चिकटतात. खबरदारी म्हणून अर्ध्या तासाने, डिंक पूर्ण कडक होण्याआधी, दार मेजाच्या कडेवरून एकदा हळूच वाकवा. चिकटलेल्या जोड्या त्या वेळी बारीक ‘टिक’ आवाज करत सुटतात. दुसऱ्या दिवशी सुटताना लाकडाचा ढलपा घेऊन सुटतात.

पट्ट्यांना पॉलिश चिकटवण्याआधीच करावं, पाठ कोरी ठेवून. नंतर ब्रशने वॉर्निश मारलं तर ते दोन पट्ट्यांमध्ये पूल बांधतं. खाचेत मेणबत्ती किंवा मेण घासा. तेल नको, त्यात धूळ बसते आणि काळा लगदा होतो.

कपाटाच्या आत एक खोटी पाठ लागते, नाहीतर आत ठेवलेल्या वस्तू दाराला अडतात. तिने २५ ते ३० मिलिमीटर खोली खाल्ली जाते, हे आराखड्यातच धरा. दार आत घालायला खाचेचं मागचं टोक उघडं ठेवा. दार पुन्हा बाहेर काढायची वेळ कधीतरी येतेच. मूठ पूर्ण लांबीची द्या. रुंद दार एका टोकाला धरून ओढलं की तिरकं होतं, आणि अशा वेळी दोष खाचेला दिला जातो.

कापणं आणि आवाजाचा गैरसमज

रुंदी कमी करायला करवत लागत नाही. पाठीमागून दोन पट्ट्यांच्या मध्ये धारदार कटर फिरवला की झालं. लांबी कापताना मात्र पट्ट्यांची टोकं सुटतात. पॅनेल दोन फळ्यांच्या मध्ये दाबा आणि कापायच्या रेषेवर मास्किंग टेप लावा. हातातल्या चकतीच्या करवतीचे दात खालून वर येतात आणि वरच्या बाजूला ढलपे काढतात, तेव्हा चेहरा खाली ठेवा. टेबल करवतीवर नेमकं उलट. विजेच्या बटणांसाठी जागा कापल्यावर डबा पॅनेलच्या जाडीइतका पुढे आणायला विसरू नका. हे काम वीज बंद करून.

‘ही पॅनेल लावली की खोली ध्वनिरोधक होते’ असं विक्रेते सांगतात. तसं होत नाही. भिंतीला थेट चिकटवलेल्या नुसत्या लाकडी पट्ट्या आवाज फारसा शोषत नाहीत. नमदा असलेल्या पॅनेलने खोलीतला घुमारा कमी होतो, बोलणं स्पष्ट ऐकू येतं, आणि मागे चौकट लावून पोकळी सोडली तर जाड्या आवाजांवरही थोडा परिणाम होतो. शेजारच्या खोलीतला आवाज थांबवायला वजनदार आणि फटी नसलेली भिंतच लागते.

एक पट्टी तुटली तर

सगळं दार बदलायची गरज नसते. पाठीमागून त्या पट्टीवर ओलसर फडकं ठेवून इस्त्री मध्यम तापमानावर टेकवा. पीव्हीए आणि काँटॅक्ट ॲडेसिव्ह दोन्ही उष्णतेने मऊ होतात. पातळ पातं कापड आणि लाकूड यांच्या मध्ये सरकवत पट्टी सोडवा, कापडावरचा जुना डिंक खरवडा आणि जपून ठेवलेल्या जादा पट्ट्यांपैकी एक लावा. शेजारच्या दोन फटींत मेणकागदाचे तुकडे घाला, वजन ठेवा आणि सुकल्यावर ते ओढून काढा. भिंतीवर चिकटवलेल्या पॅनेलची पाठ हाताला लागत नाही. तिथे तुटलेली पट्टी पटाशीने लांबीच्या दिशेने चिरून तुकड्यातुकड्यांनी काढावी लागते, आणि पटाशीची धार शेजारच्या पट्टीकडे नाही, तर तुटलेल्या पट्टीच्या मध्याकडे वळवून धरायची.